बागमांडले ते जयगड तीन फेरीबोटी, सोबत आई-बाबा: जेट्टीवर थांबायची सोय काय आणि थांबून बघावं काय?

डोंगरउतार (पुणे)

नमस्कार मंडळी. थंडीत आई-बाबांना घेऊन पाच-सहा दिवस कोकणात जायचं घाटतंय. रूट असा डोक्यात आहे, पुणे-ताम्हिणी-माणगाव करून हरिहरेश्वर, मग बागमांडल्यावरून फेरीने वेश्वी, तिथून केळशी-आंजर्ले-हर्णै बघत दापोली साईड, दाभोळला दुसरी फेरी, पलीकडे धोपावे, गुहागर, हेदवी, आणि तवसाळवरून तिसरी फेरी पकडून जयगड, शेवट गणपतीपुळे. म्हणजे समुद्र कायम उजव्या हाताला.

आजवरच्या आमच्या सगळ्या ट्रिपा म्हणजे पहाटे निघायचं, हायवे मारायचा, हॉटेलात बॅगा टाकायच्या आणि बीचवर पळायचं. मधलं काही बघितलंच जात नाही. या वेळी आईचं म्हणणं वेगळं आहे, ती म्हणते मला लाटांत भिजायचं नाहीये, मला बंदरं बघायचीयेत, धक्क्यावर बसायचंय, माणसं चढताना-उतरताना बघायचीयेत. ती मूळची मालवणची, लहानपणी मुंबईहून बोटीने गावाला जायची, त्यामुळे तिच्यासाठी कोकणात जाणं म्हणजे आधी धक्का आणि मग गाव. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालतात पण जिने-उतार जपून.

तर विचारायचं असं की फेरीत गाडी चढवल्यावर बाबांनी गाडीतच बसलेलं चालतं का, जेट्टीवर सावली, बाकडी, टॉयलेट असं काही आहे का, भरती-ओहोटीने फेरी अडते का. आणि या मधल्या ठिकाणी, म्हणजे जेट्टी, खाडीचा काठ, लिलावाची जागा, जिथे आपण एरवी फक्त "गाडी कधी सुटणार" म्हणून घड्याळ बघतो, तिथे मुद्दाम वेळ काढून बसावं अशी कुठली जागा सांगाल? भाऊ म्हणतो थांब, सगळीकडे पूल होतायत, मग सुसाट जाऊ. मला तर उलट वाटतंय की पूल व्हायच्या आधीच जाऊन यावं.

पैलतीर (गुहागर तालुका)

दादा, जंगलजेट्टीचा (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीला आम्ही असंच म्हणतो) रोजचा माणूस म्हणून लिहितो. दाभोळ-धोपावे २००३ पासून चालू आहे, त्याआधी माणसं होडीने जायची आणि गाडीला चिपळूणवरून वळसा, त्यात अर्धा दिवस मोडायचा. आता खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, खरा वेळ जातो तो थांबण्यात, एक फेरी डोळ्यादेखत सुटली की पुढची येईपर्यंत थांबा. सुट्टीत, विशेषतः नाताळ ते थर्टी फर्स्ट, गाड्यांची रांग वर गावातल्या अरुंद रस्त्यापर्यंत जाते, त्या दिवसांत येऊच नका असं मी सरळ सांगेन. आठवड्यातला मधला वार धरा.

बाबा गाडीत बसले तरी चालेल, बरेच लोक बसतात, फक्त बेल्ट काढून, काच खाली करून बसवा, हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि इंजिन बंद. वर बसायला जागा असते पण जिना अरुंद नि उभा आहे, गुडघ्याला नको. आई मात्र खाली कठड्याशी उभी राहिली तर तिला सगळं दिसेल. गाडी कुठे लावायची ते खलाशी हाताने दाखवतात, त्यांचं ऐका, आपलं डोकं चालवू नका, दोन गाड्यांत एवढीच जागा ठेवतात की दार जेमतेम उघडेल, म्हणून ज्यांना उतरायचंय त्यांनी चढायच्या आधीच उतरलेलं बरं.

टॉयलेटच्या भरवशावर राहू नका. सोय कुठे आहे, कुठे कुलूप, कुठे पाणी नाही. हॉटेलातून निघतानाच जाऊन या. सावलीचंही तसंच, शेड आहे पण दुपारी ऊन तिरकं आत येतं.

आता बसायची जागा विचारलीत म्हणून. दाभोळला जेट्टीच्या अगदी जवळ जुनी शाही मशीद आहे, विजापूरच्या आदिलशाहीतली, काळ्या दगडाची. लोक तिकीट काढतात, फेरीकडे बघतात आणि ती पाठीमागेच राहते. दाभोळ हे बहमनी काळापासूनचं मोठं बंदर, पोर्तुगीजांनी १५०८ च्या शेवटी ते जाळलं. तिथे उभं राहिलं की समोर पलीकडे वेलदूर-अंजनवेलकडे एन्रॉनच्या वीजप्रकल्पाची धुराडी दिसतात (नाव कितीदा बदललं तरी आमच्याकडे एन्रॉनच). एका खाडीच्या तोंडाशी पाचशे वर्षं कोण कोण येऊन गेलं ते एकाच नजरेत दिसतं, त्याला गाईड लागत नाही.

आणि पुलाबद्दल. तुम्ही म्हणता पूल व्हायच्या आधी बघून घेऊ, ठीक आहे, पण आम्हाला पूल हवाय हे मनापासून सांगतो. रात्री शेवटची फेरी गेली की आमचा तालुका आणि पलीकडचा तालुका यांच्यात जग उभं राहतं. बाळंतपणाची केस असो, साप चावलेला असो, तेव्हा माणूस खाडीच्या काठावर उभा राहून पलीकडचे दिवे बघत बसतो. ज्याच्या घरात असं झालंय त्याला जेट्टीवरचा निवांतपणा सांगू नका. हे तुम्हाला लागावं म्हणून नाही लिहीत, तुम्ही प्रश्नच चांगला विचारलाय म्हणून दुसरी बाजूही लिहितो.

एक विनंती सगळ्यांनाच. गाड्या चढायची-उतरायची जी उतरती फळी असते त्यावर उभं राहून रील करू नका. ती आमची सकाळची शाळेची, कॉलेजची, कामावर जायची वाट आहे. मासेवाल्या बायका डोक्यावर टोपली घेऊन येतात, त्यांना थांबता येत नाही, खालचा भाग शेवाळाने निसरडा असतो.

वाळूचीरेघ (अलिबाग)

भरती-ओहोटीचं मी सांगते. या फेऱ्या साध्या भरती-ओहोटीने सहसा अडत नाहीत, फार खाली पाणी गेलं तर चढ जास्त तिरका होतो, खाली बसकी गाडी असेल तर बंपर घासतो, सेडान असेल तर एवढं लक्षात ठेवा. पण तुमच्या रूटवर दुसऱ्या एका जागेला भरतीचा हिशेब फार महत्त्वाचा आहे आणि तो कुणीच विचारत नाही, म्हणजे हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग. डोंगर चढून मग खडकाच्या चिरेतून पायऱ्या उतरतात आणि खाली समुद्राच्या कडेने खडकांवरून फिरून परत देवळाशी येतं. ओहोटीला ती वाट असते, भरतीला ती समुद्राची असते. माणसं वाहून गेलीयेत तिथे. तुमच्या बाबांसाठी ती नाहीच, पण तुम्ही नि आई जाणार असाल तर देवळातल्या माणसांना विचारून, आणि ते नको म्हणाले तर नकोच.

वेळ कशी काढायची, तर आमच्याकडे म्हातारी माणसं तिथीला पाऊणने गुणतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, नऊला. अष्टमीला भरती सहाला. शुद्ध असो वा वद्य, प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. दक्षिणेला जाल तसा थोडा फरक पडतो, मिनिटाचा हिशेब नाही हा, त्याला भरतीचं कोष्टक बघा, पण जेवणाच्या ताटावर बसून उद्याचा अंदाज बांधायला पुरतं. कालनिर्णय उघडायचं आणि झालं.

आमच्या कुलाबा किल्ल्याला तर सगळा खेळच यावर आहे. ओहोटीला चालत जा, घोडागाडीने जा, भरतीला तिथेच बोट चालते. पण उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं मागे जातं तितकं भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत जात नाही, ढोपराएवढं राहतं, आणि पर्यटक अष्टमीला येऊन विचारतात की ओहोटी आहे मग पाणी का आहे. त्याहून वाईट म्हणजे परत यायची वेळ चुकवणारे. गेलात तर पाणी वळलं की नाही हे पाण्याच्या कडेकडे बघून ओळखता येतं, वाळूवरच्या बारीक बारीक नागमोडी रेघा एकेक करून भरायला लागतात, आधी खोलगट भागात पाणी येतं, म्हणजे तुमच्या आणि किनाऱ्याच्या मधे, आणि तुम्ही उभे असता तिथे अजून कोरडंच असतं. म्हणून फसतात लोक.

आणि केळशी-आंजर्ल्याला ओल्या वाळूत गाडी घालू नका, कितीही टणक दिसली तरी. दर मोसमात गाड्या रुततात आणि मग गावातली पोरं भरती यायच्या आत दोर लावून ओढत बसतात.

चौथीबत्ती (मुंबई, मूळ मालवण)

तुमच्या आईचं वाचलं आणि लिहिल्यावाचून राहवेना. मी सत्तरीचा आहे. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायचो, रोहिणी नाहीतर चंद्रावती. पावसाळ्यात सेवा बंद, गणपतीला जायचं तर मग एसटी आणि घाट.

आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही की मालवणला बोट किनाऱ्याला लागायचीच नाही. खडकाळ समुद्र, बोट बाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि गावातून पडाव, म्हणजे लहान होड्या, यायचे. बोटीच्या पोटातल्या दारातून पडावात उतरायचं. पडाव लाटेबरोबर वर यायचा, क्षणभर दाराशी समान व्हायचा, की खलाशी ओरडायचा "सोड!" आणि तेवढ्यात पाय टाकायचा, चुकला तर पुढची लाट. पोरांना उतरवत नसत, हातोहात द्यायचे, वरचा खलाशी खालच्या खलाशाकडे, ट्रंका नि वळकट्यांबरोबर. माझ्या आजीचा पदर दातात असायचा आणि डोळे मिटलेले. आणि एवढं करून पडाव तरी कुठे कोरड्यावर लागायचा, ओहोटी असली की शेवटचं गुडघाभर पाण्यातून, म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर. ज्यांना बोट लागलेली असायची ते तिथे वाळूवर बसून राहायचे, लिंबू हुंगत, आणि घरचे लोक बैलगाडी घेऊन उभे. अर्धा-पाऊण तास कुणी हलायचं नाही. सगळ्यांच्या गाठीभेटी तिथेच, कोण आलं, कोण नाही आलं, मुंबईची पत्रं, निरोप. मी तर म्हणेन गावातली अर्धी बातमी त्या वाळूवर कळायची.

ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आमच्या घरी तिचं नाव काढलं की मोठी माणसं गप्प व्हायची. आणि आत्ता, १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. तेव्हा आईला आवर्जून न्या, पण लाइफ जॅकेट असेल तिथे घाला, कुणी हसलं तरी घाला.

हर्णै मात्र सोडू नका. तिथे अजूनही समुद्र आणि जमीन यांच्या मधला व्यवहार उघड्यावर चालतो. मोठ्या बोटी बाहेर उभ्या, मासळी लहान होडीतून काठापर्यंत आणि पाण्यात उभ्या असलेल्या बैलगाड्यांतून वर. संध्याकाळी चारनंतर लिलाव. बंदराचं काम चाललंय त्यामुळे चित्र बदलतंय, जाण्याआधी कुणा तिथल्याला विचारा. उभं राहताना लिलावाच्या गोलाच्या बाहेर उभे राहा, आत बोली चालू असते आणि तुमचा हात उगाच वर गेला तर घोटाळा.

तिसवाडी_फेरी (पणजी)

पुलावरून वाद चाललाय म्हणून गोव्याचं सांगतो. आमच्याकडे मांडवीवर एकाशेजारी एक पूल आहेत, शेवटचा अटल सेतू २०१९ चा, आणि त्यांच्या खालून पणजी-बेती फेरी अजूनही चालते. चालणाऱ्या माणसाला फुकट. बेतीचा माणूस पणजीच्या बाजारात यायला पुलावर कशाला चढेल, फेरीतून उतरला की समोर शहर. रायबंदर-चोडण, जुनं गोवं-दिवाडी तर बेटंच आहेत.

आणि पूल कायमचा असतो असंही समजू नका. मांडवीवरचा पहिला पूल १९७० चा, ५ जुलै १९८६ ला कोसळला, भर पावसात. नवा पूल होईपर्यंत कित्येक वर्षं फेऱ्यांनीच पणजी चालवली. त्या वेळी धक्के शाबूत होते म्हणून जमलं. त्यामुळे "पूल की फेरी" असा प्रश्नच मला पटत नाही. पूल बांधा, लवकर बांधा, पण धक्का मोडू नका आणि कुणा रिसॉर्टला देऊनही टाकू नका.

पैलतीर (गुहागर तालुका)

@तिसवाडी_फेरी तुमच्याकडे फेरी सरकारी खात्याची, तोट्यात चालली तरी चालते. इथे खाजगी आहे, गाड्या पुलावरून गेल्या की दहा-बारा चालणाऱ्या माणसांसाठी कोण डिझेल जाळणार? पण लहान होडी तरी ठेवावी असं मलाही वाटतं. पूल गावापासून चार-पाच किलोमीटर लांब पडतो, ज्याच्याकडे गाडी नाही त्या बाईला टोपली घेऊन तिथपर्यंत जायला रिक्षा परवडणार नाही. हा मुद्दा आमच्या ग्रामसभेत मी मांडणार आहे, बरं झालं तुम्ही सांगितलं.

निळीआखणी

मी आर्किटेक्ट आहे, किनाऱ्यावरची लहान-मोठी कामं करते, त्यामुळे यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) नकाशात भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्या मधला पट्टा वेगळ्या रंगात दाखवलेला असतो, कायद्याने तो जपायचा. पण त्या पट्ट्यावर माणसांना नेऊन सोडणारी जी जागा, म्हणजे जेट्टीचा शेवटचा शंभर फूट, तिचं डिझाईन असं कुणी करतच नाही. काँक्रीटचा उतार ओततात, वर पत्र्याची शेड, संपलं. पर्यटनाचा निधी आला की गावाच्या नावाची मोठी रंगीत अक्षरं बसवतात फोटो काढायला. त्याच पैशात पाण्याची टाकी, बायकांसाठी आतून कडी लागणारं टॉयलेट आणि हात धरायला कठडा झाला असता. डोंगरउतार यांच्या बाबांना नेमका कठडाच लागणार आहे.

मुंबईत गेटवेला बघा, देशाच्या सगळ्यात प्रसिद्ध धक्क्यांपैकी एक, आणि तिथे बोटी एकमेकींना लागून उभ्या असतात, आपल्या बोटीत जायला दुसरीच्या डेकवरून उडी मारत जावं लागतं. साठी ओलांडलेली माणसं कशी जातात ते मी बघत असते, शेजारचा अनोळखी माणूस हात देतो म्हणून जातात. मांडव्याला उतरलं की एकदम चित्र पालटतं, लांब धक्का, टर्मिनल, खायच्या-बसायच्या जागा, आणि लोक बोट असूनही तिथे रेंगाळतात. म्हणजे जागा नीट केली की माणूस थांबतो, त्याला घाई नसतेच मुळात, आपणच त्याला उभं करून ठेवतो म्हणून तो कंटाळतो. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रोरो (गाड्या नेणारी मोठी बोट) सुरू झाली त्यानंतर तर तिथली वर्दळ कुठच्या कुठे गेली. आता प्रश्न एवढाच की हे फक्त मुंबईच्या पैशाजवळच्या धक्क्याला मिळणार का तवसाळलाही.

रेवस-रेड्डी सागरी मार्गाची कल्पना मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासूनची, बाणकोटच्या खाडीवरचा पूल वर्षानुवर्षं रखडला. आता कामं हलतायत तर प्रत्येक पुलाच्या कामातच जुन्या जेट्टीसाठी थोडी तरतूद धरा असं लोकांनी आत्ताच म्हणायला हवं. पूल झाल्यावर म्हणून उपयोग नाही, तोवर तिथे कुंपण पडलेलं असतं.

डोंगरउतार (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. @चौथीबत्ती काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली पडावात उतरताना तिच्या वडिलांनी तिला आपल्या उपरण्याने कमरेला बांधलं होतं, आणि ती रडली नव्हती म्हणून तिला वाळूवर खाजं मिळालं होतं. हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

@पैलतीर तुमचं पुलाबद्दलचं बाबांना जास्त पटलं, ते म्हणाले आपण चार दिवस जाणार, त्यांना बारा महिने काढायचेत. नाताळ टाळतोय, जानेवारीत मंगळवारी निघू. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा देवळात विचारूनच. हर्णैला एक मुक्काम वाढवला. आता एकच, तवसाळच्या बाजूला फेरीची वाट बघताना बाबांना सावलीत बसवता येईल का, की हेदवीलाच जेवून उशिरा निघावं?

पैलतीर (गुहागर तालुका)

हेदवीलाच जेवा. दशभुजा गणपतीचं दर्शन घ्या, ऊन कलल्यावर निघा. हेदवीची बामणघळ, म्हणजे भरतीचं पाणी उसळतं ती खडकातली अरुंद घळ, बघायची असेल तर ती भरतीच्या वेळेलाच, वाळूचीरेघ ताईंनी सांगितलेलं पाऊणचं गणित तिथे उलट्या बाजूने वापरा, आणि घळीच्या कडेपासून चांगले लांब उभे राहा. तवसाळला पोचल्यावर गाडी रांगेत लावून बाबांना गाडीतच ठेवा, दारं उघडी ठेवली की खाडीचा वारा येतो. आईंना मात्र उतरू द्या, पलीकडून जयगडची फेरी निघताना दिसते. शेवटच्या फेरीची वेळ तिकिटाच्या खिडकीवर आधी फोन करून विचारून घ्या, मोसमाप्रमाणे बदलते.